दत्ताचे शर्ट, अर्चनाचं ऑफिस

शिंप्याच्या मशीनखाली चिंध्या कधी साठतात ते कळत नाही. सकाळी झाडून घ्यावं, तर संध्याकाळी पायाखाली पुन्हा ढीग. टाकून द्याव्या म्हटलं तर एखादी हाताला लागते आणि आठवतं, अरे, ही तर अमक्याच्या हळदीच्या शर्टाची. मग ती बाजूला राहते. आमच्या घरच्या गोष्टींचं तसंच झालंय. सून नोकरीला लागली, त्या दोन वर्षांतल्या या गोष्टी. मी आपणहून कुणाला सांगत नाही. पण चारजण दुकानात टेकले की एक म्हणतो, "मास्तर, ती चहाची सांगा," आणि मग एकीला धरून दुसरी निघते. मला भरभर बोलता येत नाही. निवांत बसा.

आधी घरचं सांगतो. राहुरीत स्टँडच्या अंगाला माझं जेन्ट्स टेलरिंगचं दुकान. चाळीस वर्षं शर्ट आणि पँट, दुसरं काही शिवलं नाही. एकच मुलगा, दत्ता. सरकारी ऑफिसात क्लार्क होता. मोटारसायकलवरून घरी येताना रस्त्यातच गेला. मागे त्याची बायको अर्चना, वर्षाची परी आणि आम्ही दोघं म्हातारे. तीन वर्षं कागद फिरले आणि अर्चनाला अनुकंपाची ऑर्डर आली. त्याच ऑफिसात, त्याच टेबलावर. अट एकच. दोन वर्षांत मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायचं. नाही झाली तर नोकरी गेली. आणि नोकरी गेली तर घरात राहिलं माझं मशीन. रेडिमेडच्या जमान्यात ते आठवड्यातून दोन दिवस चाललं तरी मी देवाला हात जोडतो.

हजर व्हायला आठ दिवस होते आणि अर्चनाकडे ऑफिसला घालण्यासारखं काही नव्हतं. घरातले दोन गाऊन आणि लग्नातल्या चार जड साड्या. ती खर्ड्याकडची. आईबाप ऊसतोडीला जाणारे, तिकडून काय येणार? मी म्हटलं, कुठून तरी उसने आणतो, पाच ड्रेस घेऊ. सासऱ्याला आमच्याकडे मामाच म्हणतात. ती म्हणाली, "मामा, पयला पगार तीन-तीन महिने येत न्हाई म्हनत्यात. कशाला जिवाला घोर?"

तेव्हा माझी बायको उठली आणि तिनं लोखंडी पेटी उघडली. आत दत्ताचे अकरा शर्ट आणि सहा पँटी. दहाव्याला वाटून टाकायची रीत आहे. तिनं ते कपडे वाटले नव्हते. एकूण एक कापड मी शिवलेलं.

शेजारणी म्हणाल्या, मेलेल्याचं कापड सुनेच्या अंगावर घालणार?

अर्चना म्हणाली, "मेलेल्याचं काय त्यात? माझ्या नवऱ्याचं हाय."

तिथंच विषय मिटला.

*

सासऱ्यानं सुनेच्या अंगाला टेप लावायचा नसतो. म्हणून शेजारच्या गाळ्यातली शबानाभाभी आली. ती लेडीज टेलर. तिनं अर्चनाची मापं घेतली, मला कागदावर लिहून दिली आणि वर शिकवणीही घेतली. दोन शर्टांचा एक कुर्ता करायचा. वरचं अंग एकाचं, घेर दुसऱ्याचा. दहा शर्टांचे पाच कुर्ते, सोमवार ते शुक्रवार. पँटींचे दोन सरळ पायजमे, एक काळा, एक बदामी. आणि उरलेल्या पँटींची बिनबाह्यांची एक कोटी.

"कोटी चढवली की जुना कुर्ता नवा दिसतो, मास्तर," शबाना म्हणाली. "पायजमा बदलला की आणखी नवा. ऑफिसातल्या बायका महिनाभर मोजत बसतील." बायकांच्या कपड्याला छातीशी चुण्या शिवतात, त्यांना टक्स म्हणतात. ते कसे घ्यायचे तेही तिनंच दाखवलं. साठी उलटल्यावर मी टक्स शिकलो.

एक गोष्ट मात्र आम्हा दोघांच्याही ध्यानात आली नाही. मी शर्टाच्या बटणपट्ट्या उसवल्याच नाहीत, आहेत तशा ठेवल्या. पुरुषांची बटणं एका बाजूला असतात, बायकांची दुसऱ्या. पाचही कुर्ते शिवून झाले आणि मग कळलं. चाळीस वर्षांची सवय, हात त्याच वाटेनं गेला.

पहिल्या दिवशी अर्चनाला बटणं लावायला पाच मिनिटं लागली. बोटं उलटी पडायची. मी ओशाळलो, म्हटलं, उसवून फिरवून देतो. ती म्हणाली राहू द्या, हुईल सवय.

आठवड्याभरात झाली. चौथ्या दिवशी तर न बघता, पायरी उतरता उतरता खालून वर बटणं लावत गेली. खालून वर. तसं लावणारा आमच्या घरात एकच होता. 

पुढच्या रविवारी पाहुण्यांकडे जायला तिनं साडी काढली. आतून बराच वेळ बाहेर येईना. बायको बघायला गेली. अर्चना आरशापुढं उभी, ब्लाउजचं पहिलं बटण हातात धरून.

"आत्या," ती सासूला म्हणाली, "माझाच ब्लाउज, पन आता ह्योच उलटा लागतोय."

*

आता चहाची.

त्या ऑफिसात गंगाधर नावाचा शिपाई आहे. घोडेगावचा. साधा माणूस, दत्ताचा दोस्त. पहिल्या दिवशी अर्चना आकाशी पट्ट्यांचा कुर्ता घालून गेली आणि टेबलावर मान खाली घालून फाईल वाचत बसली. गंगाधर पलीकडून ट्रे घेऊन आला, काचेचा ग्लास तिच्यापुढं ठेवला आणि गेला. अर्चनानं घोट घेतला तर बिनसाखरेचा.

दत्ताला शुगर नव्हती, पण तो चहा बिनसाखरेचाच घ्यायचा. कॉलेजपासूनची खोड. अर्चनाला तसला चहा घशाखाली उतरत नाही. पण पहिलाच दिवस, मागायचं कसं? नाक दाबून प्याली.

संध्याकाळी गंगाधर माझ्या दुकानावर आला. बसला नाही. म्हणाला, "मास्तर, माझं चुकलं. मी तोंड बघितलंच न्हाई. नुसतं पट्टं बघितलं आन हातानं आपसूक बिनसाखरेचा वतला."

मी म्हटलं, हुतं असं, त्यात काय एवढं.

तो म्हणाला, "तेवढंच न्हाई. दत्ताभाऊ कवाच सगळा च्या पीत नव्हते. बरूबर निम्मा ठिवायचे. मी ग्लास उचलाया गेलो तर ताईंनीबी निम्माच ठिवल्याला. घरची सवय आसंल म्हना."

तो गेल्यावर मी घरी आलो. अर्चना भाकरी करत होती. मी सहज म्हटलं, सकाळचा चहा निम्मा टाकलास म्हणे, उद्यापासून साखर सांगत जा.

ती तव्यावरची भाकरी उलटायची विसरली.

"मामा," ती म्हणाली, "टाकलेलं दिसलं तर लोकं नावं ठिवतील म्हनून मी सगळा प्याले. ग्लास पालथा घातला आस्ता तरी थेंब पडला नसता."

*

सगळ्याच गोष्टी घाबरवणाऱ्या नाहीत. एक तर अशी आहे की मी एकटा असलो तरी हसतो.

ऑफिसात पवारबाई हेडक्लार्क. चांगली बाई, अर्चनाला तिनं लेकीसारखं सांभाळलं, सरावाला एक जुना कीबोर्डही दिला. महिन्याभरानं तिनं अर्चनाला विचारलं, "काय गं, पगार नाही आणि रोज नवा ड्रेस? कुठून आणतेस?" अर्चनानं खरं ते सांगितलं. पाच कुर्ते, दोन पायजमे, एक कोटी, सगळं नवऱ्याच्या कपड्यांतून.

पवारबाई दुसऱ्या दिवशी दुकानात हजर. पिशवीत तीन शर्ट. मला बी तसाच करून द्या म्हणाली.

मी विचारलं, "कुणाचे?"

"आमच्या ह्यांचे. कपाट उतू चाललंय, नुसते ठेवलेत."

नवरा धडधाकट, शाळेत मास्तर. मला बरं वाटेना. पण बाईनं माझ्या सुनेवर एवढे उपकार केलेले, नाही कसं म्हणायचं? शर्ट ठेवून घेतले. ती गेल्यावर एक टेबलावर पसरला आणि कापायच्या आधी खडूची एक रेघ ओढली, उजव्या खांद्यापासून खाली बगलेपर्यंत. तेवढ्यात वीज गेली. इस्त्री गार झाली, आणि माझंही मन होत नव्हतं. शर्ट घडी करून ठेवला.

सकाळी दुकान उघडतोय तोच पवारबाईचा नवरा आला. उजवा खांदा डाव्या हातात धरून.

"मास्तर, बायकोनं माझे शर्ट दिलेत ना? कापले का?"

म्हटलं, अजून नाही.

"मग कापू नका. कालपासनं हा खांदा धरलाय. हिथनं हिथपर्यंत." आणि त्यानं बोटानं दाखवलं. खांद्यापासून बगलेपर्यंत.

मी तो शर्ट काढला. खडू होता तो, कपड्यावर घासला की जातो. त्याच्यासमोरच पुसला, झटकला आणि तिन्ही शर्ट त्याच्या हातात दिले. तो शर्ट काखेत मारून पायरी उतरला, मध्येच थांबला. खांदा एकदा पुढं फिरवला, एकदा मागं फिरवला. परत आला.

म्हणाला, "किती द्यायचे?"

*

ही बायकोची आहे. ती सांगत नाही, मी बघितली म्हणून सांगतो.

अकरा शर्टांतले दहा कामी आले. एक पांढरा राहिला. त्याला जोडीदार जुळला नाही. बायकोनं तो घडी करून पेटीत ठेवला, पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला.

शनिवारी ऑफिसला सुट्टी. त्या दिवशी पाचही कुर्ते एकदम धुवायचे हा नियम. अर्चना धुवायची, बायको मागच्या दारी तारेवर वाळत घालायची. कुर्त्याला दोन चिमटे, दोन खांद्यांना. दहा चिमटे ती मोजून नेते, कारण प्लॅस्टिकचे चिमटे लवकर तुटतात आणि ती काटकसरी बाई.

एका शनिवारी ऊन उतरल्यावर ती कपडे काढायला गेली. मी ओट्यावर बसलो होतो. एक काढला, दुसरा काढला, पाच झाले. मग ती तिथंच उभी राहिली. मी वाकून बघितलं. तारेच्या टोकाला पांढरा शर्ट होता. अख्खा. बाह्या खाली सोडलेल्या. चिमटे नव्हते, तरी पडला नव्हता. वारा होता, पण तो हलत नव्हता.

बायकोनं पुढं होऊन हात लावला. बाकीचे कडक वाळलेले. हा ओला होता.

तिनं कुणाला हाक मारली नाही. अर्चनाला विचारलं नाही. मला तर नाहीच. शर्ट पिळला, झटकला आणि आत नेऊन पंख्याखाली पसरला. किल्ली तिच्या कमरेला तशीच होती, चालताना वाजत होती. रात्रीच्या आत त्याला इस्त्री केली आणि पेटीत ठेवला.

पुढच्या शनिवारी तार रिकामी, पाच कुर्ते बादलीत. बायको चिमट्यांचा डबा घेऊन बसली. मी ओट्यावरून मोजत होतो.

तिनं बारा काढले.

*

हे सगळं होत होतं, पण आमचं लक्ष एकाच गोष्टीकडे होतं. टायपिंग.

अर्चना ऑफिस सुटल्यावर क्लासला जायची. घरी रात्री जेवणं झाली की घरातला गाऊन घालून पवारबाईच्या कीबोर्डवर सराव. मी टायपिंग शिकलो नाही, पण मशीन म्हणजे माझ्या कानाचा विषय. घरी तिची बोटं चालली की शिलाई मशीन एका लयीत धावावं तसा आवाज यायचा. मला वाटायचं, ही सहज पास होणार.

पहिल्या परीक्षेत नापास झाली. दुसऱ्यातही. स्पीड कमी.

मी क्लासच्या सरांना जाऊन भेटलो. ते म्हणाले, "बाबा, हुशार आहे ती, चुका करत नाही. पण बोटं जागेवर उचलून थांबतात. पुढचं अक्षर कुठलं ते तिला माहिती असतं, हात खाली येत नाही." मी म्हटलं, घरी तर धावतीय. ते म्हणाले, इथं नाही धावत. ऑफिसातही तेच. पवारबाईनंही सांगितलं, पत्र टाईप करताना मध्येच हात वर धरून बसते.

मुदत संपायच्या आत एकच परीक्षा राहिली. नगरला, सकाळी नऊ वाजता.

आदल्या दिवशीची गोष्ट. अर्चना ऑफिसची तयारी करून बसली होती, अंगावर तोच आकाशी पट्ट्यांचा कुर्ता. बसला वेळ होता म्हणून पंधरा मिनिटं कीबोर्ड घेतला. मी दाढी करत होतो. आवाज ऐकू येत होता, थांबून थांबून. चार अक्षरं, थांबा. तीन अक्षरं, थांबा. परी समोर बसून पोळी-साखर खात होती आणि आईकडे बघत होती. आईच्या तोंडाकडे नाही, हाताच्या जरा वर, मागच्या बाजूला.

मग ती रोजचं काहीतरी सांगावं तशी म्हणाली, "पप्पा, मम्मीचा हात सोड ना. तिला लिहू दे."

दत्ता गेला तेव्हा परी एक वर्षाची होती. तिनं त्याला पप्पा म्हणून कधी हाक मारलेली नाही. तेव्हा तिला बोलताच येत नव्हतं.

मी ब्लेड खाली ठेवलं. अर्चनानं परीला जवळ घेतलं, तिचं तोंड पुसलं आणि तिला आजीकडे पाठवलं. मग आपल्या मनगटाकडे बघितलं.

"मला वाटायचं माझ्याच मनाचा खेळ हाय," ती म्हणाली. "जोरात न्हाई धरत, मामा. त्यांनी कवा जोरात धरलाच न्हाई. मायेनंच धरत्यात. पन हात खाली येत न्हाई."

मी तोंडावरचा साबण पुसला. ती म्हणाली, "टेबल त्येंचं, खुर्ची त्येंची, अंगावर कपडे त्येंचे. साड्याबी त्येंनीच घेतलेल्या. मी कुटं न्हाई म्हनते? पन उद्याच्या दिवस मला माझं एक कापड पायजे. नवं. उसनं नको, मागून आनलेलं नको."

मग म्हणाली, एखादा रेडिमेड ड्रेस घेते येताना.

चाळीस वर्षं मशीनवर बसलो, आणि सुनेच्या परीक्षेला रेडिमेड? मी म्हटलं, "तू ऑफिसला जा. संध्याकाळी कुर्ता तयार आसंल."

*

ती पास झाली, हे आत्ताच सांगून टाकतो. आज ती कायम आहे, तिच्या टेबलावर तिच्या नावाची पाटी आहे. उगाच तुमचा जीव टांगणीला ठेवायचा नाही. मला सांगायचंय ते कुर्त्याचं.

ती ऑफिसला गेली आणि मी दहा वाजता बाजारात गेलो, तर सगळी शटरं खाली. कसला तरी बंद पुकारला होता, मला पत्ताच नाही. कापडाचं एकही दुकान उघडं नव्हतं. दोन फेऱ्या मारल्या. शब्द तर देऊन बसलो होतो.

शेवटी माझंच दुकान अर्धं उघडून आत बसलो. म्हटलं, एखाद्या गिऱ्हाइकाचं पडून राहिलेलं कापड सापडलं तर बघू, पुढं त्याला भरून देऊ. खालचे कप्पे बघितले, काही नाही. स्टुलावर चढून वरच्या फळीवर हात घातला. मागे, भिंतीला लागून, वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक घडी हाताला लागली. सुतळी बांधलेली, वर बोटभर धूळ.

धूळ झटकली आणि ओळखली. पिस्ता रंगाचं कापड. दत्ताला वाढदिवसाला द्यायचं म्हणून मी घेतलं होतं. त्याला माहिती नव्हतं. दुपारी दुकानात कुणी नाही असं बघून कापून ठेवलं होतं, पुढचे दोन भाग, पाठ, बाह्या, कॉलर. दुसऱ्या दिवशी शिवायला घेणार होतो. दुसऱ्या दिवशी ती बातमी आली. मग मी ते गुंडाळलं, वर टाकलं आणि पाच वर्षं तिकडं बघितलं नाही.

दत्तानं ते बघितलंही नव्हतं, हात लावायचं तर लांबच. म्हटलं, अर्चनाला पाहिजे तसंच आहे हे. कुणाच्या अंगाला न लागलेलं. दत्ता चांगला उंचापुरा होता, त्याच्या मापाचं कापलेलं आहे, तर कमी करायला सोपं. मोठ्याचं लहान करता येतं.

सुतळी सोडली. कात्री पुसली, खडू घेतला, शबानानं दिलेला मापांचा कागद समोर ठेवला. आणि पाठीचा तुकडा टेबलावर पसरला.

लहान होता.

मला वाटलं उलटा पडलाय, फिरवला. मग वाटलं कापड आटलं असेल, पण कोरं कापड पाण्यात गेल्याशिवाय आटतं कुठं? टेप लावला. चौदा इंच खांदा. दत्ताचा साडेअठरा. पुढचे भाग उघडले. लांबी कुर्त्याची, शर्टाची नाही. कडेला कट ठेवलेला. आणि दोन्ही छातींना खडूनं टक्स काढलेले.

खडूची रेघ माझी होती. मी प्रत्येक रेघेच्या टोकाला एक बारीक फुली मारतो, वस्तादानं लावलेली सवय आहे, राहुरीत दुसरं कुणी मारत नाही. फुल्या होत्या. पण तो गठ्ठा बांधला तेव्हा मला टक्स म्हणजे काय ते माहिती नव्हतं.

मी स्टुलावर टेकलो. बाहेरून शबानानं वाकून बघितलं. आत आली. तिनं पाठीवर टेप टाकला, कंबर बघितली, बाही जोडतात तो मुंढा बघितला आणि मान हलवली.

"बरोबर केलंत," ती म्हणाली. "माझ्या कागदापेक्षा अर्धा इंच कमी घेतलात. या वर्षात लई बारीक झाली पोर. बाई असून माझ्या ध्यानात आलं नसतं."

मी व्हय म्हटलं. ती गेली.

मग मी कात्री ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. तिचं काही काम नव्हतं. नुसतं जोडत गेलो. एक टाका उसवावा लागला नाही. चार वाजता काज-बटण झालं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आम्ही दोघं नगरला गेलो. ती आत गेली, मी बाहेर भिंतीच्या सावलीला उकिडवा बसलो. आत पन्नास कीबोर्ड एकदम वाजायला लागले, जणू पत्र्यावर गारा. त्यातला तिचा कुठला ते ओळखायला बघत होतो. नाही ओळखता आला. कुठलाच थांबत नव्हता.

वेळ संपल्यावर पोरं-पोरी बाहेर आल्या. ती सगळ्यात शेवटी. बोटं चोळत होती आणि हसत होती. तिला हसताना मी किती दिवसांनी बघितलं.  ती पाया पडायला वाकली, मी वरच्यावर धरली.

स्टँडकडे चालत निघालो. ती दोन पावलं पुढं. पिस्ता रंग उन्हात फार चांगला दिसत होता. पाठ सरळ, खांद्यावर शिलाई बरोबर जिथं पाहिजे तिथं, बाहीला एक सुरकुती नाही. आयुष्यात तसला कपडा माझ्या हातून दुसरा झालेला नाही.

चालता चालता तिनं हात मागं नेऊन खांद्याची शिलाई चाचपली. कंबर चाचपली. मग थांबून वळली.

"मामा, शबानाभाभीनं पुन्हा माप घेतलं न्हाई. तुमी तर टेप लावनार न्हाई. मग माझं आत्ताचं माप तुमाला कुनी दिलं?"

समोर राहुरीची गाडी लागली होती. म्हटलं, "चल, खिडकीची जागा मिळंल."